आत्याबरोबर लोवेलच्या गिरण्यांत

अमेरिकेला जाऊन आले म्हटलं, की आमच्याकडं लोक पहिल्यांदा विचारतात, "पोरगा तिकडं असतो का?" माझा पोरगा कळंबला बारावीत आहे. मी येरमाळ्याजवळच्या एका उपकेंद्रात नर्स आहे, आणि मी गेले ती आत्यांमुळं.

गयाआत्या माझ्या वडिलांच्या धाकट्या बहीण. आमचं घराणं मेंढरांचं. वडिलांनी मेंढरं विकून मला नर्सिंगला घातलं. आत्यांचं लग्न मात्र ऊसतोड करणाऱ्या घरात झालं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांच्या हातात कोयता आला. तेव्हापासून दरसाल दिवाळी सरली की त्या तोडकऱ्यांच्या टोळीबरोबर उसाच्या फडात. यंदा मात्र त्यांनी जाहीर केलं होतं की आता बास, मी घरी राहून नातवंडं सांभाळणार.

आमच्या भागात ऊसतोड बायांच्या तब्येतीवर काम करणारी एक छोटी संघटना आहे. तिच्या मेळाव्यात आत्या एकदा बोलल्या होत्या: फडात बाईला आडोसा नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत दुखतंय म्हणून बसलं तर खाडा, म्हणजे गैरहजेरी लागते आणि तेवढी मजुरी कापून घेतात. त्या बोलण्याचा व्हिडिओ फिरत फिरत अमेरिकेतल्या लोवेल गावी पोचला. तिथं कष्टकरी बायांचा मेळावा भरणार होता. त्यांनी आत्यांना बोलावलं, आणि सोबत इंग्रजी समजणारं माणूस हवं म्हणून मला. माझं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरचं. पण आत्या म्हणाल्या, "दुसरं कुणी नगं. मी काय बोलले ते हिलाच कळतंय."

निघायच्या आधी एक गोष्ट घडली ती इथंच सांगते, कारण सगळ्या प्रवासात ती आमच्याबरोबर होती. आत्यांची मुलगी सुनीता आईला घेऊन माझ्याकडं तपासायला आली. दोन लेकरांची आई, तिशीही गाठलेली नाही. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं की गर्भाची पिशवी काढून टाक. तिच्या नवऱ्यानं, बालाजीनं, हंगामाच्या आत ऑपरेशन उरकायचं ठरवलं होतं. मी म्हणाले, हे जंतुसंसर्गाचं दिसतंय, बहुतेक गोळ्यांनी जाईल, आधी सरकारी दवाखान्यात नीट तपासून घे. सुनीतानं आईकडं पाहिलं.

"म्याबी काढलीच की," आत्या म्हणाल्या. "काय बिघडलं माझं?"

त्यांचं ऑपरेशन त्या सुनीताएवढ्या असतानाच झालं होतं. त्यानंतरची कंबरदुखी, हातापायांची आग मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. त्या वेळी मी वाद घातला नाही. दोन दिवसांनी आम्ही निघालो.

लोवेल

लोवेल हे मॅसॅच्युसेट्स राज्यातलं नदीकाठचं गाव. अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या कापडगिरण्यांपैकी काही इथं उभ्या राहिल्या. लाल विटांच्या चार-पाच मजली इमारती, ओळीनं खिडक्या, आणि इमारतींच्या पायाशी कालवे. आता गिरण्या बंद आहेत. काहींत कचेऱ्या आहेत, काहींत लोक राहतात. आमच्याकडं ढोकीला जाताना लांबून साखर कारखान्याचं धुराडं दिसायला लागतं तसंच इथं एक जुनं धुराडं दिसलं, पण धूर नव्हता.

आत्यांनी कालवा बघून पहिल्यांदा विचारलं, "एवढं पाणी, आन् शेती कुठं दिसंना?"

आम्ही ज्यांच्याकडं उतरलो त्या एलेनबाईंना मी विचारलं. कालवे शेतीसाठी नव्हतेच, त्या म्हणाल्या. पाण्याच्या जोरावर गिरणीची चाकं फिरायची. एलेन सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची पणजी लहानपणी कॅनडातून इथं आली आणि गिरणीत कामाला लागली. एलेनचं घरही एका जुन्या गिरणीतच होतं. जिथं पणजी सूत कातायची तशाच एका इमारतीत पणतीचं स्वयंपाकघर होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मक्याचा केकसारखा पाव आणि मडक्यात शिजवलेला घेवडा वाढला. आत्यांनी एक घास घेतला आणि थांबल्या. "ह्यात काकवी हाय."

होती. तिकडं या घेवड्यात काकवी घालायची जुनी रीत आहे. एलेन म्हणाल्या, पूर्वी ही काकवी दक्षिणेकडच्या बेटांवरून जहाजानं यायची, तिथं गुलाम ऊस तोडायचे. गिरण्यांचा कापूसही गुलामांनीच वेचलेला असायचा. "इथल्या मुली स्वतःच्या हक्कांसाठी भांडल्या," त्या म्हणाल्या, "पण कापूस कुणी वेचला हा प्रश्न सगळ्यांनी विचारला नाही."

मी आत्यांना सांगितलं. त्या घेवडा खात म्हणाल्या, "लांबचं कोण बघतंय."

गोड घेवड्यावर आत्यांचं पोट भरेना. गावात कंबोडियातून आलेली पुष्कळ माणसं आहेत, त्यांच्या दुकानात हिरव्या मिरच्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एलेन बाहेर असताना आत्यांनी तव्यावर मिरच्या आणि लसूण टाकला. ठसका उठला तसा छतातून एक कर्कश आवाज सुरू झाला. मी खिडकी उघडायला धावले, तर आवाज सगळ्या इमारतीत वाजायला लागला. दारं उघडून लोक शिस्तीत जिन्यानं खाली उतरले. आम्हीही उतरलो. आत्यांच्या हातात उलथणं तसंच होतं. आगीचा बंब आला. बंबावरचा एक उंच जवान वर जाऊन तवा बघून आला आणि खोकत खोकत हसला.

एलेन आल्या तेव्हा मी माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आम्हाला जिन्याचं दार दाखवलं. ते बाहेरच्या बाजूला उघडत होतं, नुसतं अंगानं ढकललं तरी. त्यांनी सांगितलं की शंभरेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या एका शिलाई कारखान्यात आग लागली. बाया कामाच्या वेळात बाहेर जाऊ नयेत म्हणून एक दार कुलूपबंद होतं. पुष्कळ पोरी मेल्या. लोक रस्त्यावर उतरले, चौकशा झाल्या, मग कायदे झाले.

आत्यांनी ते दार दोनदा ढकलून पाहिलं. "आमच्या कोपीला दारच न्हाय," त्या म्हणाल्या. कोपी म्हणजे तोडकऱ्यांची पाचटाची किंवा ताडपत्रीची झोपडी. आत्या हे विनोदानं म्हणाल्या की खेदानं, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून मी एलेनना जसंच्या तसं सांगितलं.

गिरणी

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनीताचा फोन आला. तिकडं संध्याकाळ होती. बालाजीनं दवाखान्यात तारीख घेतली होती, पुढच्या आठवड्याची. आत्या "बरं" म्हणाल्या, लेकरं जेवली का ते विचारलं, आणि फोन मला परत दिला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "चल, उशीर हुतोय."

एका गिरणीत जुने माग अजून चालू ठेवले आहेत, लोकांना बघायला. आत जाताना कानात घालायला बोळे देतात. दार उघडलं आणि जमीन थरथरताना तळपायाला कळली. दालनभर माग, वर फिरणारे पट्टे, आणि असा खडखडाट की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. सगळे मिळून चालायचे तेव्हा काय होत असेल कोण जाणे. तामलवाडीहून पुढं सोलापूरला आत्यांची नणंद राहते, तिच्या गल्लीत चादरींचे माग आहेत. आत्या माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "वन्संच्या गल्लीवानी!"

पुढच्या खोलीत एक तरुण मुलगी माहिती सांगत होती. शेतकऱ्यांच्या पोरी इथं कशा आल्या, वसतिगृहात कशा राहिल्या, घंटेवर उठणं, घंटेवर जेवणं. मग तिनं मागावर आडवं सूत नेणारा एक धोटा हातात घेतला. लाकडी, दोन्ही टोकांना धातूचं अणकुचीदार टोपण, आत सुताची कांडी आणि बाजूला बारीक भोक. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. कसं काढायच्या? तिनं धोटा ओठांजवळ नेऊन दाखवला. तोंडानं ओढून. श्वासाबरोबर सूत बाहेर, आणि कापसाची धूळ आत. एकच धोटा अनेकींच्या तोंडी लागायचा. एकीची बिमारी दुसरीला जायची, क्षयाचीसुद्धा भीती होती.

"हातानं न्हाय काढता येत?" आत्यांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, येतं की. बारीक आकडीनं काढता येतं. पुढं तर हातानंच ओवायचे धोटेही निघाले. पण तोंडानं लवकर व्हायचं, आणि मजुरी कापडावर होती. माग थांबला की नुकसान बाईचं.

"मंग बंद कसं झालं?"

"कायदा झाला तेव्हा."

आत्यांनी धोटा मागून घेतला. उलटासुलटा केला, भोकावर अंगठा फिरवला. मला वाटलं काही विचारतील, पण त्यांनी तो परत दिला आणि बाहेर जाऊन कालव्याच्या कठड्यापाशी बसल्या. मी शेजारी बसले. पाण्यावर बदकं होती. त्यांच्याकडं बघत आत्या म्हणाल्या, "म्हंजी मालकानं काय नरडं धरून वढायला लावलं न्हवतं."

"नाही."

"बाया आपणच वढायच्या."

"हो."

"मलाबी कुणी नरडं धरून न्हेलं न्हवतं, रंजू. मीच गेले. टोळीतल्या समद्या जात हुत्या. मुकादम म्हणला, मोकळी हुशील. मला वाटलं, बरं झालं, मोकळी झाले." त्यांनी पदर खोचला. "फोन लाव."

तिकडं लोक झोपले असतील, मी सांगितलं. उद्या सकाळी लावू.

फोन

सकाळी एलेन चहा करत होत्या. आत्यांनी फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.

"सुने, ती तारीख सोड. मी येईस्तोवर कुठं जाऊ नगंस."

"माय, तूच तर म्हणलीस काय हुत न्हाय."

"म्हणले. चुकून म्हणले. रंजू म्हणती गोळ्यानं जातंय, तर आधी गोळ्या खा."

पलीकडं कुजबुज झाली आणि बालाजीचा आवाज आला. बालाजी वाईट माणूस नाही. सुनीताला फडात तापात उचलून दवाखान्यात नेणारा तोच. "मामी, तुमी तकडं लांब. हितं हंगाम तोंडावर आलाय. मुकादमाला आमा दोघांच्या जोडीचा शब्द दिलाय. दर महिन्याला ही चार दिस बसली तर खाडा कुणी भरायचा?"

आत्यांनी जराही वेळ घेतला नाही. "ती बसंल त्या दिशी तिच्या जागी मी कोयता धरते, जावईबापू. म्हंजी खाडा पडायचा न्हाय."

"तुमी तर यंदापसून येणार न्हवता."

"आता येते."

बालाजीनं पलीकडं कुणाशी तरी कुजबुज केली. मग "बघू, तुमी या तर आधी," म्हणाला आणि फोन बंद झाला. एलेनना भाषा कळली नव्हती, पण त्यांनी आत्यांच्या कपात आणखी साखर घातली. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, आत्यांचं वय काय? मी सांगितलं, बावन्न-त्रेपन्न असेल. एलेनना आत्या आपल्याच वयाच्या वाटल्या होत्या.

बॉस्टन

एक दिवस बॉस्टनला. सोनेरी घुमटाची विधानसभा टेकडीवर आहे, समोर मोठी बाग. माणसं हिरवळीवर उन्हात आडवी पडलेली, कुणी हटकत नाही. आत्यांना त्याचं नवल वाटलं. आमच्याकडं सरकारी इमारतीसमोर माणसं बसतात ती उपोषणाला.

एलेननं पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं, की लोवेलच्या पोरी इथं आमदारांच्या समितीपुढं साक्ष द्यायला आल्या होत्या. कामाचा दिवस दहा तासांचा करा, एवढंच मागणं. कामाच्या खोलीतला दिव्यांचा धूर, जेवायला मिळणारा अपुरा वेळ, आजारपणं, सगळं त्यांनी सांगितलं. तेव्हा बायांना मताचा अधिकारही नव्हता.

"मग?" आत्यांनी विचारलं.

"समितीनं ऐकून घेतलं, आणि सांगितलं की यात आम्हाला काही करता येत नाही."

"मग घरी गेल्या?"

"घरी गेल्या, आणि समितीच्या अध्यक्षाविरुद्ध प्रचार केला. तो पुढच्या निवडणुकीत पडला." एलेन हसल्या. "पण दहा तासांचा कायदा व्हायला जवळजवळ एक पिढी गेली. साक्ष देणाऱ्या बहुतेक जणींना त्याचा फायदा झाला नाही."

आत्या पायऱ्या उतरायला लागल्या. गुडघ्यामुळं त्या एकेक पायरी आडव्या पायानं उतरतात. खाली पोचल्यावर म्हणाल्या, "पर सांगितलं त्यांनी."

मेळावा

मेळावा एका चर्चच्या तळघरातल्या सभागृहात होता. घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या, कागदी कपात कॉफी. म्हणजे आमच्या समाजमंदिरापेक्षा फार वेगळं नाही. मेगन नावाची एक तरुण मुलगी सगळं बघत होती. तिनं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, की आत्यांनी ऑपरेशनबद्दल स्वतःचा अनुभव सांगितला तर लोकांपर्यंत पोचेल. मी म्हणाले, ते आत्या ठरवतील.

आमच्या आधी एक बाई बोलली. ती मालाच्या गोदामात पार्सलं भरायचं काम करते. तिच्या मनगटावरचं यंत्र मोजतं की ती किती वेळ थांबली. लघवीला जायचं तर धावत जाते, म्हणून पाणी कमी पिते. मी हे आत्यांना हळू आवाजात सांगत होते. आत्या मध्येच म्हणाल्या, "आमीबी न्हाय पीत." एवढे कायदे झालेल्या देशात हे ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

मग आत्या उठल्या. माइक त्यांनी बाजूला सारला. बोलल्या ते थोडंच, आणि मी वाक्यावाक्यानं इंग्रजीत सांगत गेले.

"मी ऊस तोडते. माझी पिशवी काढलीय. कुणी जबरदस्ती केली न्हाय, मीच काढून घेतली. कारण बसलं की खाडा. तुमच्या बाया तोंडानं सूत वढायच्या, ते मी बघितलं. त्यास्नीबी कुणी जबरदस्ती केली न्हाय. कायदा झाला तवा तुमचा धोटा बदलला. आमचा अजून बदलायचाय. माझ्या लेकीची तारीख परवा हाय. मी तिला थांब म्हणलंय. ती थांबली का न्हाय मला ठाव न्हाय. मला घरी जायचंय."

आणि त्या खाली बसल्या. टाळ्या उशिरा आल्या. गोदामातली बाई येऊन आत्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि मेळावा संपेपर्यंत तिथंच राहिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

ढोकी

परत आलो तेव्हा सुनीता थांबली होती. नवरात्राच्या आधी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. संसर्गच होता. गोळ्या दोघा नवराबायकोंना घ्यायच्या होत्या. बालाजी म्हणाला, मला काय झालंय? पण आत्या समोर बसल्या होत्या, त्यानं घेतल्या. दिवाळीपर्यंत सुनीताचं दुखणं पुष्कळ कमी झालं.

पण ठरलेली तारीख वाया गेली नव्हती. सुनीताच्या जाऊबाईनं, कमलनं, ती घेतली होती. कमल सुनीतापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठी. त्रास तोच, दवाखाना तोच. मेळाव्यानंतर दोनच दिवसांनी, आम्ही परतीच्या वाटेवर असताना तिचं ऑपरेशन झालं. तिला थांब म्हणणारं कुणी नव्हतं. आम्हालाही ती आठवली नव्हती.

डिसेंबरात एका रविवारी मी टोळीला भेटायला गेले. त्यांची टोळी यंदा लांब गेली नव्हती, ढोकीच्या पुढं एका शिवारात उतरली होती. येरमाळ्याहून एसटी, मग रस्त्याकडेनं चालत. उसाचे ट्रॅक्टर धूळ उडवत जात होते. फडाच्या कडेला कोप्या, चुलीवर काळी पातेली, ताडपत्रीवर वाळत घातलेले कपडे. सुनीता त्या दिवशी कोपीत पडून होती. फडात तिच्या जागी आत्या वाकून ऊस तोडत होत्या. त्यांचा वेग पूर्वीसारखा राहिलेला नाही. बालाजी त्यांच्या वाट्याचा निम्मा ऊस न बोलता तोडत होता.

दुपारी भाकरी खायला सगळे बांधावर बसले. ज्वारीची भाकरी, वाटलेली लाल मिरची, कांदा. कमल माझ्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. ऑपरेशनला तीन महिने व्हायच्या आतच ती मोळ्या उचलत होती. मी तिला ओझं उचलू नको म्हणाले. ती हसली.

"ताई," तिनं विचारलं, "सुनीताला गोळ्यानं बरं वाटलं. म्हंजी मलाबी वाटलं असतं का?"

आत्यांनी भाकरी खाली ठेवली. मी नर्स आहे. तपासल्याशिवाय सांगता येत नाही, कागद बघावे लागतील, प्रत्येकीचं वेगळं असतं, अशी उत्तरं मला तोंडपाठ आहेत. कमल माझ्या तोंडाकडं बघत होती.

"बहुतेक वाटलं असतं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. रडली नाही. पदरानं हात पुसले, तांब्यातलं पाणी प्याली. मग म्हणाली, "हे कुठं जाऊन सांगावं लागतं?"

"धाराशिवला. जिल्ह्याच्या कचेरीत. लगेच काही होईल असं नाही, कमल. कदाचित तुझ्यासाठी कधीच होणार नाही."

"हितनं गाडी कितीला हाय?"

"सकाळी आठला."

मुकादमानं पलीकडून शिट्टी मारली, ट्रॅक्टर भरायला घ्यायचा होता. कमल उठली. आत्या तिच्या आधी मोळीपाशी पोचल्या होत्या आणि ती आपल्या डोक्यावर घ्यायला वाकल्या होत्या. कमलनं त्यांना बाजूला केलं नाही, दुसरं टोक धरलं.

"उद्या माझा खाडा लावा," तिनं मुकादमाला सांगितलं, आणि दोघी मिळून मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढल्या.